पिकअपवरची खोली

गोरेगाव, जि. गोंदिया
९ नोव्हेंबर २०१४

श्री. भुवनेश्वरबाबू तुरकर, मुक्काम इंदूर, यांना डोमनलाल हरिणखेडे याचा घरातून, अंगणातून आणि जांभळाखालून रामराम पोचावा.

(वयानं तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आणि नात्यानं साळे, तेव्हा रीतीप्रमाणे चिरंजीव लिहायला पाहिजे होतं. पण बँकेच्या मॅनेजराला चिरंजीव लिहिताना एस.टी.च्या रिटायर ड्रायव्हरचा हात अडखळतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी श्री. लिहून मोकळा झालो. राग मानू नये.)

तुमची शुगर कशी आहे? शामकलाबाईंचा गुडघा जिना चढू देतो की अजून खालीच बसवतो? तुमच्या चंचलला मुलगी झाल्याचं आमच्या रुचिकडून कळलं. फार बरं वाटलं. माझं म्हणाल तर दोन दाढा गेल्या, बाकी सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाक शिकलो. भात जमतो (आमच्या जिल्ह्यात ज्याला भात जमत नाही त्याचं राशनकार्ड काढून घ्यावं), वरण मात्र रोज वेगळं होतं आणि त्यात माझा काही हात नसतो. रुचि नागपूरहून दर दुसऱ्या शनिवारी येते, फ्रिज उघडून बघते, शिळं वरण बाहेर काढून ठेवते, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं. धानाची कापणी चालू आहे. यंदा मी शेतावर एकदाच जाऊन आलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुमच्या बहिणीच्या, राजकुमारीच्या तेराव्याला तुम्ही आला होता, तेव्हा अंगणात उभे राहून तुम्ही मला विचारलं होतं, जिजाजी, पिकअपवर ही टिनाची कोठी कायची बसवली? मी म्हणालो, भाजीचा धंदा करायचा विचार आहे. तुम्ही मान हलवली आणि आत जेवायला गेलात. ते मी खोटं बोललो होतो. (तुम्हाला ते लगेच पटलं याचं मला थोडं वाईटही वाटलं. एकतीस वर्षं बिनअपघात गाडी चालवलेला माणूस म्हातारपणी वांगी विकेल, असं कुणाला सहज वाटावं?) ती कोठी नाही. ती खोली आहे, आणि ती तुमच्याकडे येण्यासाठी केली होती.

मागच्या वर्षी मे महिन्यात चंचलचं लग्न होतं. चार दिवस आधी तुमचा फोन आला. तुम्ही वाईट काहीच बोलला नाहीत. बाई, उन्हाची येऊ नको, लग्नाचं घर आहे, दोनशे माणूस, तुझं ते पाण्याच्या पिशव्यांचं कुठं करणार, तू घरीच आराम कर, आम्ही मागून येतो भेटायला, असं म्हणालात. डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. ती "हो भुवन" म्हणाली, फोन ठेवला आणि दुपारभर लसूण सोलत बसली. तो लसूण आम्हा दोघांना पुढे महिनाभर संपला नाही.

त्या पिशव्यांचं तुम्हाला नीट माहीत नसेल म्हणून सांगतो. किडन्या गेल्यावर आधी तिला आठवड्यातून दोनदा नागपूरला मशीनवर न्यावं लागायचं. ते तिला झेपेना. मग डॉक्टरांनी पोटात एक बारीक नळी बसवून दिली आणि घरीच करायला शिकवलं. दिवसातून चारदा दोन लिटर औषधाचं पाणी नळीतून पोटात सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं, मग खालच्या पिशवीत काढायचं आणि नवं भरायचं. करायला सोपं, पण त्याचे नियम देवघरापेक्षा कडक. खोली बंद पाहिजे, पंखा बंद, खिडकी बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडाला फडकं, आणि धुळीचा कण नको. पिशवी डोक्याच्या वर टांगायची, नाहीतर पाणी उतरत नाही. हे सगळं ती स्वतः करायची. मला दाराबाहेर उभं करायची, कारण माझ्या अंगाला जन्माची डिझेलची धूळ आहे असं तिचं म्हणणं होतं. लॉज, धर्मशाळा, नातेवाईकाचं घर, कुठंच हे जमत नसे. दीड वर्ष ती घराच्या मागच्या खोलीच्या बाहेर दिवसभरासाठी कुठं गेली नव्हती.

लग्न झाल्यावर आठवड्यानं भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "भुवनच्या घरी जागा नसन, त आपण आपली जागा घेऊन जाऊ."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"गाडीवर खोली नाही बांधता येत का? तुमी त गाड्यातलेच ना."

आणि मग, थोड्या वेळानं, "त्याच्या फाटकाबाहेर उभी ठेवू. त्याले बी तरास नाही, मले बी नाही. तिथून धार शहर पाहू. बाबा म्हणत होते, आपण पवार धारेहून आलो. आलो म्हणून सांगणारे सारे, पाहिली कोणीच नाही."

हे ऐकून रुचिनं कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून रंगीत चित्रं काढून आणली. अमेरिकेत म्हणे लोक पिकअपच्या मागच्या हौदात खोली बसवतात, चालताना छत खाली, थांबल्यावर वर. वाळवंटात एक जण अशा गाडीसमोर खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. (त्याला काही आजार दिसत नव्हता. हे लोक धडधाकट असताना घर सोडून टिनात का झोपतात, हे मला अजून कळलं नाही.) चित्रं बघून मी एक जुनी पिकअप घेतली आणि तिरोड्याला मुन्नालालकडे गेलो. मुन्नालाल ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि धानाच्या कोठ्या बनवतो. त्यानं चित्रं उलटसुलट करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ, इसमें धान रखना है के आदमी?"

खोली कशी असावी यावर आमचं पावसाळाभर चाललं. मला पसंत होती ती ताडपत्रीच्या भिंतींची. हलकी, छत वर केलं की भिंती आपोआप ताणल्या जातात. मंडपवाल्याची ताडपत्री आणून मी अंगणात खाटेभोवती बांधली आणि राजकुमारीला तासभर आत बसवलं. ती स्टीलचं ताट घेऊन बसली होती. बाहेर आल्यावर तिनं ताटावरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. रस्त्यापलीकडच्या राइस मिलचा कोंडा. ताडपत्री गेली. मग मी म्हणालो, सरळ उंच, पक्क्या भिंतींचीच करू, बसच्या बॉडीसारखी, आपल्याला त्यातलं कळतं. अंदाज यावा म्हणून पिकअपवर तेवढ्या उंचीचा बांबूचा सांगाडा बांधला आणि गाडी फाटकातून काढली. सांगाडा जांभळात अडकला. मी पुढं गेलो, तो मागं राहिला. बॉनेटवर पाच-सहा किलो जांभळं पडली आणि शेजारच्या जमुनाबाई भांडं घेऊन आल्या. मी कुऱ्हाड काढली, तेव्हा राजकुमारी म्हणाली, झाड राहू द्या, खोली लहान करा. पण लहान केली तर पिशवी टांगायची कुठं? ती खाटेवर बसली की हुक तिच्या डोक्याच्या दोन हात वर यायला पाहिजे.

शेवटी निवड तिनंच केली. पिठाचा डबा आणि त्याचं खोल झाकण घेऊन ती माझ्यासमोर बसली. झाकण डब्यावरून वर केलं, खाली केलं. भिंती पत्र्याच्या, वरची पेटी खालच्या पेटीवर बसणारी. चालताना जांभळाखालून जाईल, थांबल्यावर माणूस उभा राहील, आणि सांध्याला चारी बाजूंनी रबर लावलं की धूळ नाही. रुचिच्या चित्रांमध्ये अगदी शेवटच्या पानावर असलीच एक गाडी होती. ते पान मी न बघताच चष्मा ठेवायला वापरत होतो.

एकाच गोष्टीवर आमचं जमलं नाही. खिडकी. ती म्हणाली, पक्की काच बसवा, दिसते ना सारं, उघडायची कायले? मी ऐकलं नाही. ड्रायव्हर माणूस, बंद डब्यात जीव गुदमरतो हे मी एकतीस वर्षं मागच्या आरशात पाहिलेलं. मी भंगारातून एका बसची सरकती खिडकी आणून बसवली. उद्घाटनाच्या दिवशीच ती कामी आली. छत वर करायला मुन्नालालनं चार कोपऱ्यांना चार स्क्रू बसवले होते आणि हँडलनं प्रत्येकाला सहा-सहा फेरे, पाळीपाळीनं द्यायचे होते. मी उत्साहात आतून एकाच कोपऱ्याला वीस दिले. छत तिरपं झालं, दार अडकलं आणि मुन्नालाल जेवायला घरी गेलेला. दीड तास मी आत होतो. राजकुमारीनं मला खिडकीतून चहा दिला. पाहिलंस, उघडणारी खिडकी असली म्हणून, असं मी तिला त्या दिवशी चारदा ऐकवलं. त्यानंतर फेरे मोजायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. मी फिरवायचो, ती बाहेर उभी राहून मोठ्यानं मोजायची.

पहिली चाचणी महाशिवरात्रीला आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडला केली. यात्रा होती. पायथ्याला गाडी लावून छत वर केलं तर लोकांना वाटलं फिरता दवाखाना आला. महादेवाला जाणारे थांबले, दर्ग्याला आलेले थांबले, लहानशी रांगच लागली. मी सांगून थकलो की इथं डॉक्टर नाही. रुख्मा नावाची एक म्हातारी तर हलायलाच तयार नव्हती, म्हणाली, मंग पांढरी गाडी कायले आणली? राजकुमारीनं तिला खिडकीतून कंबरेला लावायचा मलम दिला. तेव्हा कुठं म्हातारी गेली, आणि वर जाऊन तिनं आणखी तिघी पाठवल्या. मग खिडकी लावून, हात धुऊन, राजकुमारीनं पिशवी टांगली. मी बाहेर दगडावर बसलो होतो. काचेतून ती दिसत होती. पाणी उतरायला वीस मिनिटं लागतात, भरायला दहा. तेवढा वेळ ती गडाकडे, यात्रेकडे, फुग्यांकडे बघत होती. मी काचेवर टकटक करून खुणेनं विचारलं, ठीक ना? ती आतून म्हणाली, "पाहून राहिली. मधात बोलू नका." तिचं पाणी भरून झाल्यावरही ती अर्धा तास तशीच बसली.

१६ मार्चला आम्ही इंदूरला निघालो. तुम्हाला कळवलं नव्हतं. कळवलं तर तुम्ही परत आराम कर म्हणाल, असं तिला वाटत होतं. अठ्ठेचाळीस पिशव्या, बारा दिवसांच्या, क्विंटलभर वजन. मी तर म्हणत होतो दोन दिवसांत पोचवतो, पण तिनं रोजचे जास्तीत जास्त दीडशे किलोमीटर ठरवून दिले होते आणि मी एस.टी.त कधी पाळलं नाही असं वेळापत्रक पाळत होतो. बालाघाटला दुपारची पिशवी झाली. तिथून शिवनीच्या रस्त्याला मी निघालो. ती पुढं माझ्या शेजारी बसली होती आणि तुमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. तुम्ही आठ वर्षांचे असताना धानाच्या ढिगात लपून झोपी गेला होतात आणि गाव तुम्हाला विहिरीत शोधत होतं, ती. रस्त्याचं काम चालू होतं. सहा-सात किलोमीटर नुसती लाल धूळ.

संध्याकाळी शिवनीजवळ पेट्रोल पंपावर थांबून मी मागचं दार उघडलं. खिडकी एक बोटभर उघडी होती. बालाघाटहून निघताना रंगाचा वास येतो म्हणून मीच सरकवली होती आणि लावायची विसरलो होतो. खाटेवर, फळीवर, हुकावर पातळ लाल थर. राजकुमारी पेट्रोल पंपाच्या बाईशी बोलत होती. मी तिच्याआधी आत शिरलो, ओल्या फडक्यानं सगळं पुसलं, चादर पालटली, परत पुसलं, जंतुनाशक शिंपडलं. ती आली तेव्हा खोली चकचकीत होती. ती म्हणाली, आज मोठे कामाचे झाले. मी लाल फडकं सीटखाली सारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी छिंदवाड्याला तिनं पाणी काढलं. काढलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून खालची अक्षरं वाचता येतात का, हे तिला रोज बघावं लागायचं. पाणी निवळ असेल तर अक्षरं दिसतात. त्या सकाळी तिनं मला आत बोलावलं. कधी बोलवत नसे. पिशवीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं.

"इथून इंदूर किती?" तिनं विचारलं.

"अडीच दिवस, आपल्या चालीनं. जोरात गेलो तर आज रात्री."

"आन् नागपूर?"

"तीन तास."

तिनं नळीला टोपण लावलं, फडकं काढून घडी घातली आणि म्हणाली, "फिरवा मंग." छत मी एकट्यानंच खाली केलं. ती मोजायला उतरली नाही. सौंसर येईतो तिला ताप भरला होता.

नागपूरला ती पंधरा दिवस होती. पोटात जंतू झाले होते. औषधं लागू पडत होती, मधे दोन दिवस तर ती उठून बसली, रुचिला केस विंचरू दिले, पण आधीच थकलेल्या हृदयानं साथ दिली नाही. २ एप्रिलला ती गेली. शेवटच्या आठवड्यात मी डॉक्टरांना एकटं गाठून बोटभर खिडकीचं सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, काका, हे घरच्या बंद खोलीतही होतं, हाताला जरा काही राहिलं तरी होतं, नळीतून होतं, कशानं झालं हे कोणीच सांगू शकत नाही. मी त्यांना म्हणालो, सांगू शकत नाही म्हणजे नाही असं नाही ना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले. हे मी रुचिला सांगितलेलं नाही. राजकुमारीलाही सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा लिहितो आहे.

तुमच्यावर माझा राग होता, हे कबूल करतो. तेराव्याला तुम्ही हुंदके देत होता, तेव्हा मी मनात म्हणत होतो, त्या फोनवर ये म्हणाला असतास तर. आता सात महिन्यांनी तो राग बघायला गेलो तर त्याच्या जागी खिडकीच सापडते. तुम्ही तिला येऊ नको म्हणालात ते तिच्या जिवासाठीच म्हणालात. तिला घेऊन निघालो तो मी.

तर पत्र लिहिण्याचं कारण असं, की ती खोली आता विकावी म्हणतो. अंगणात उभी राहून जागा अडवते. इंदूर मोठं शहर आहे, तुमच्या बँकेत नाना तऱ्हेचे लोक येतात. कोणी फिरायचा शौकीन असेल तर विचारून पाहावं. गाडीसकट देईन. शामकलाबाईंना नमस्कार, चंचलच्या बाळाला आशीर्वाद.

तुमचा,
डोमनलाल

ता. क. घेणाऱ्याला सांगावं की पत्रा जाड आहे, छत बसल्यावर उंची बेताची, आत दोन माणसं झोपतात, एक हुक आहे. स्क्रूला दर महिन्याला ग्रीस लावतो. फेरे पाळीपाळीनं सहा-सहाच द्यावे, आणि एक माणूस बाहेर मोजायला असावा. खिडकीच्या जागी मी आता पक्की काच बसवून घेतली आहे.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर बाहेर जाऊन गाडी पाहून आलो. विचारू नका कोणाला. तिरोड्याच्या एका मास्तरांच्या घरी हेच पोटातल्या पिशव्यांचं काम निघालं आहे. त्यांना मुलीच्या सासरी बालाघाटला जायचं आहे. मुन्नालालनं त्यांना माझा पत्ता दिला, ते काल येऊन आत बसून गेले. मीच चालवत नेणार आहे. तेव्हा विक्रीची गोष्ट रद्द समजावी.

ता. क. तिसरा. खरं तर एवढं पत्र एका गोष्टीसाठी लिहिलं, आणि ती लिहायला तीन दिवस लागले. दवाखान्यात जे दोन दिवस तिला बरं होतं, त्यातल्या दुसऱ्या दिवशी तिनं मला चहा आणायला पाठवलं आणि रुचिच्या फोनवरून तुमच्याशी बोलली. मी चहा घेऊन आलो तेव्हा बोलणं चालूच होतं. मला बघून तिनं "ठेवते भुवन" म्हटलं. रुचि म्हणते दहा-बारा मिनिटं झाली होती. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिवनीला मी पुसत होतो तेव्हा ती खरंच पंपाच्या बाईशी बोलत होती, की तिनं दारातून पाहिलं होतं, हे मला माहीत नाही. तुम्हाला ती काही म्हणाली असेल. खिडकीचं, धुळीचं, माझं. जे म्हणाली असेल ते तसंच लिहा, तिच्याच शब्दांत, आठवेल तेवढं. वाईट असेल तरी लिहा. फोन करू नका, फोनवर तुम्ही मला सांभाळून घ्याल. सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावलेलं आहे.